नव्या वहाणेचा पूर्वेतिहास

कोल्हापूर, मिरज, निपाणी, अथणी या टापूत कमावलेल्या चामड्याची नवी वहाण पायात घालणाऱ्याने आरंभीचे काही दिवस तिचा जाच निमूटपणे सोसायचा असतो, ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सर्वमान्य झालेली आहे. तळ फळीसारखा ताठ असतो, अंगठ्याची कड बोटाच्या बेचक्यात रुतते, पट्टा पावलाच्या उंचवट्यावर घासून तेथे फोड आणतो, आणि घरातली वडीलधारी माणसे ‘चावली का?’ असे विचारून एरंडेलाची किंवा खोबरेलाची वाटी पुढे सरकवतात. पहिले दोन-चार दिवस घरातल्या घरात किंवा तिन्हीसांजेला देवळापर्यंत, मग बाजारापर्यंत, आणि पट्ट्याची पकड सैल झाली म्हणजे परगावी, अशा चढत्या क्रमाने ती पायात मुरवली जाते. चावलेल्या जागी आतून तेलाचे बोट फिरवायचे, रात्री तळाला तेल देऊन ती सावलीत ठेवायची, पावसाळा आला की पुसून, कापडात गुंडाळून माळ्यावर टाकायची आणि चिखलातून खुशाल अनवाणी चालायचे, हे नियम कोणी लिहून ठेवलेले नाहीत. तरीही ते न पाळणाऱ्याची वहाण एका पावसात फुगते आणि उन्हात वाळून वाकडी होते, हे त्या मुलखातल्या पोरासोरांनाही ठाऊक असते.

कापशीच्या घाटाची, जाड तळाची, हातात घेताच वजन जाणवणारी वहाण ज्याने अशी पायात बसवली, तो त्या कष्टांविषयी पुढे वर्षानुवर्षे अभिमानाने बोलतो, आणि त्याचा तो अभिमान अगदीच अनाठायी नाही. परंतु चामडे मऊ करण्याच्या दीर्घ उद्योगात वापरणाऱ्याचा वाटा शेवटचा आणि सर्वांत अल्प असतो. त्याआधी जे घडलेले असते त्याची नोंद आपल्या वाङ्मयात फार थोडी आहे. ज्यांनी ते घडविले त्यांच्या हातात लेखणी नव्हती आणि ज्यांच्या हातात लेखणी होती ते त्यांच्या वस्तीकडे फिरकत नव्हते, हेच त्याचे कारण.

मेलेल्या म्हशीचे किंवा बैलाचे कातडे ते कमावणाऱ्या ढोराच्या दारी येई, तेव्हा ते ओले, जड आणि केसाळ असे, आणि दोन दिवस तसेच राहिले तर कुजून जाई. प्रथम ते चुन्याच्या कुंडात पडे. चुन्याने केसांची मुळे सुटत आणि कातडे फुगे. मग ते तिरक्या ओंडक्यावर पसरून बोथट पात्याने वरचे केस आणि आतले मांस खरवडून काढावे लागे. त्यानंतर त्यातला चुना निघून जाईपर्यंत पुनःपुन्हा धुणे. हे सारे करणाऱ्याचे हात कोपरापर्यंत चुन्यात असत, नखांच्या कडा झिजत, कातडी तडकत असे. मग बाभळीची साल कुटून आणि हिरडा भरडून पाण्यात भिजवीत, आणि त्या तांबूस कषाय पाण्यात कातडे उलटसुलट करीत ठेवीत. यानंतरची क्रिया या प्रदेशाची खासियत होय. कातड्याच्या कडा शिवून त्याची एक मोठी पिशवी करावयाची, तिच्यात बाभळीची साल आणि हिरडा ठासून भरावयाचा, वरून तेच पाणी ओतावयाचे आणि ती फुगलेली पिशवी लाकडी घोड्यावर टांगून द्यावयाची. आतले पाणी कातड्याच्या रंध्रारंध्रांतून पाझरत थेंबाथेंबाने खालच्या भांड्यात उतरे. ते उचलून पुन्हा वरून आत ओतीत. एका बाजूने काम झाले की पिशवी उलटी टांगीत, म्हणजे तोंडाकडचा भागही तितकाच मुरे. शेवटी शिवण उसवून, धुऊन, ते सावलीत वाळवीत आणि हातांनी रगडीत. कच्च्या कातड्यापासून पक्क्या चामड्यापर्यंत येण्यास महिन्याच्या आसपास काळ जाई, आणि त्यातला एकही दिवस कमी करून भागत नसे, कारण साल आतपर्यंत मुरली नाही तर चामड्याच्या गाभ्यात कच्ची पांढरी रेघ राहते आणि तेथूनच ते पुढे कुजू लागते.

आजचे रसायनशास्त्र या क्रियेचा उलगडा असा करते, की सालीतले आणि हिरड्यातले टॅनिन कातड्यातील कोलॅजनच्या तंतूंना जखडून टाकते, त्यामुळे कुजवणाऱ्या जंतूंना तेथे शिरकाव उरत नाही. पण या सगळ्या धुण्यावाळवण्यात कातड्यातली मूळची स्निग्धता निघून जाते आणि तंतू एकमेकांना चिकटतात. नवी वहाण ताठ असते ती यामुळे. तेलाचे बोट आणि पावलाची रोजची वाकवणूक यांच्या योगाने ते तंतू एकमेकांवरून पुन्हा सरकू लागतात. हे सरकणे ज्या पावलाखाली झाले त्या पावलाचाच ठसा घेऊन तळ खोलगट होतो, आणि म्हणून एकाची मुरलेली वहाण दुसऱ्याला कधीच नीट होत नाही.

ढोराकडून हे चामडे चांभाराकडे जाई. कर्नाटकाच्या बाजूला त्यालाच समगार म्हणतात. त्याच्या ओट्यावर रापी, आरी, दगड आणि पाण्याचे भांडे एवढाच सरंजाम. चामडे भिजवून, दगडावर ठोकून त्याचे तंतू दाट केले जात, पावलाच्या मापाने थर कापले जात, आणि ते एकमेकांना जोडण्यास खिळा किंवा दोरा न वापरता चामड्याचीच बारीक वादी काढून आरीने शिवले जाई. पट्ट्यावरच्या वेण्या आणि गोंडे बहुधा घरातल्या बायका वळीत, आणि आजही वळतात. चालताना वहाण करकर वाजावी म्हणून तळाच्या दोन थरांमध्ये विंचू नावाचे बी ठेवण्याची जी रीत आहे, ती या प्रांतीच्या मर्दानी ऐटीचा एक भाग होऊन बसली आहे. पाटील येतो आहे हे तो दिसण्यापूर्वी ऐकू यावे, असा तिचा थाट.

आणि नेमका येथेच या वस्तूचा इतिहास दुखरा होतो. पाटीलकीच्या जुन्या वतनपत्रांत मानपानाच्या आणि हक्कांच्या याद्यांमध्ये चांभाराकडून दरसाल मिळावयाच्या पायपोसाच्या जोड्याचा हक्क नोंदलेला आढळतो. चांभार हा गावचा बलुतेदार. रयतेच्या वहाणा, नांगराच्या आणि जुवाच्या वाद्या त्याने वर्षभर दुरुस्त करून द्याव्यात आणि सुगीला खळ्यावर जाऊन आपला धान्याचा वाटा मागून घ्यावा, असा तो व्यवहार होता. ढोराच्या हातची मोट नसती तर विहिरीचे पाणी उसाला लागले नसते, पखाल नसती तर लष्कराच्या तळावर पाणी पोचले नसते, बुधला नसता तर तेल-तूप एका पेठेतून दुसऱ्या पेठेत गेले नसते. मराठ्यांच्या घोडदळाचे जीन, लगाम, ढाली, तरवारींची म्याने यांचा विचार केला म्हणजे ज्या पराक्रमाच्या कथा आपण मुलांना सांगतो, त्यातला केवढा मोठा भाग या चुन्याच्या कुंडांतून निघाला होता हे ध्यानात येते. असे असूनही ज्यांनी सगळ्या गावाला पायतण पुरवले, त्यांना कित्येक गावांत पाटलाच्या वाड्यावरून जाताना स्वतःच्या पायांतली वहाण काढून हातात किंवा काखेत धरावी लागे. वहाण बनवण्याचा अधिकार होता, ती घालून ताठ चालण्याचा नव्हता. या एका गोष्टीपुढे आपल्या पायाच्या फोडांची कहाणी सांगण्याची मला तरी लाज वाटते.

या अन्यायाची जाणीव लोकस्मृतीला फार पूर्वीपासून आहे. बाराव्या शतकात बिज्जलाच्या अमलाखाली कल्याण नगरीत बसवेश्वरांभोवती जे शरण, म्हणजे शिवभक्त, एकत्र आले, त्यांत हरळय्या हा समगार होता आणि कक्कय्या हा ढोर. बसवेश्वरांनी आपल्या एका नमस्काराला दोन नमस्कारांनी उत्तर दिले, हे ऋण कसे फेडावे या चिंतेने हरळय्याने आणि त्याच्या पत्नीने आपापल्या मांडीचे कातडे काढून त्याच्या वहाणा शिवल्या आणि त्या बसवेश्वरांपुढे ठेवल्या. बसवेश्वरांनी त्या पायांत न घालता मस्तकी लावल्या, अशी कथा आहे. कथेच्या तपशिलाला पुरावा मागण्याचे कारण नाही. परंतु जी वस्तू जगाने सदैव खाली ठेवली ती एकदा तरी कोणा थोराच्या मस्तकावर जावी, ही तिच्यातली आर्त इच्छा मात्र शंभर टक्के खरी आहे. हरळय्याच्या मुलाचा विवाह ब्राह्मण मधुवरसाच्या कन्येशी झाला, आणि त्या अपराधाबद्दल दोन्ही पित्यांना देहान्त शासन झाले, असे परंपरा सांगते. कक्कय्याचे नाव ढोर समाजाने आजवर जपले असून मुंबईच्या धारावीत, जेथे पोटासाठी हा समाज जाऊन राहिला, संत कक्कय्यांच्या नावाचा रस्ता आहे.

कोल्हापूर संस्थानात या माणसांच्या वाट्याला सरकारी आस्था आली ती शाहू छत्रपतींच्या कारकिर्दीत. 1894 ते 1922 या काळात त्यांनी काढलेल्या हुकुमांपैकी 1902 चा, मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम सर्वश्रुत आहे. कारागिरांच्या दृष्टीने मात्र 1918 साली बलुत्याची पद्धत मोडण्याचे जे पाऊल त्यांनी उचलले, त्याचे मोल अधिक धरले पाहिजे. कारण तेव्हापासून चांभाराच्या हातची वस्तू हक्काची देणगी राहिली नाही, ती रोख किमतीची झाली. 1920 च्या मार्चमध्ये कागल जहागिरीतील माणगावी जी परिषद भरली, तिचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर होते आणि महाराज स्वतः तेथे गेले होते. पुढे 1927 साली महाडास आंबेडकरांनी आपल्या लोकांना मेलेली ढोरे ओढणे सोडा असे बजावले, तेव्हा चामड्याच्या या सबंध साखळीचे पहिले टोकच हलले. गावगाड्याला त्याची झळ पोचली. पोचावयासच हवी होती.

दुसरा बदल यंत्राने आणला. ऑइल एंजिने आणि मागाहून विजेचे पंप विहिरींवर बसले, मोटेची गरज सरली आणि ढोराचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक नाहीसे झाले. तिकडे मद्रासेत विसाव्या शतकाच्या आरंभी आल्फ्रेड चॅटर्टन यांनी क्रोमच्या क्षारांनी चामडे कमावण्याची पद्धत रुजवली होती. ती महिन्याचे काम काही तासांवर किंवा थोड्या दिवसांवर आणते, आणि तिच्यातून निघणारे चामडे पहिल्या दिवसापासूनच मऊ असते. अशा चामड्याचे जोडे चावत नाहीत. त्यांच्यात पावलाचा ठसाही तसा उमटत नाही, आणि क्रोमचे सांडपाणी नदीत गेले की काय होते ते उत्तरेत कानपूरच्या काठाला गंगेने पाहिले आहे. झटपट मिळालेल्या मऊपणाची किंमत कोणाला तरी द्यावीच लागते, असा याचा अर्थ मी घेतो.

गेल्या शतकाच्या सातव्या-आठव्या दशकांत परदेशी भटक्या तरुणांनी ही वहाण पाश्चात्त्य देशांत नेली. 2015 साली महाराष्ट्रात गोवंश हत्येच्या बंदीत बैलांचाही समावेश झाल्यावर कातड्याची आवक आटली आणि चामडे बाहेरगावाहून मागवण्याची पाळी पुष्कळांवर आली. 2018-19 मध्ये कोल्हापुरी वहाणेला भौगोलिक मानांकन मिळाले, ते कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या महाराष्ट्रातील चार आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या कर्नाटकातील चार जिल्ह्यांना मिळून. राज्यसीमेच्या दोन्ही बाजूंच्या कारागिरांना एकाच सनदेत बसवणारा हा निर्णय मला अत्यंत योग्य वाटतो. हरळय्याचे आणि संत रोहिदासांचे वारस सीमा आखण्यापूर्वीपासून एकाच चामड्यावर काम करीत आले आहेत. 2025 च्या जूनमध्ये मिलानच्या एका फॅशन-प्रदर्शनात प्राडा या इटालियन कंपनीने याच घाटाचे जोडे मांडले, आरंभी मूळ कारागिरांचा उल्लेख न करता, आणि इकडून ओरड झाल्यावर ते ऋण मान्य केले. त्या ओरडीत चांभाराचे नाव वारंवार घेतले गेले, ढोराचे क्वचितच, आणि ही उपेक्षा परक्या कंपनीने नव्हे, आपणच केलेली आहे.

मानांकनाने शिवणाऱ्याच्या नावाचे रक्षण झाले, ते उत्तमच झाले. आता बाभळीची साल आणि हिरडा घेऊन अजूनही पिशव्या टांगणाऱ्या घरांकडे लक्ष गेले पाहिजे. सरकारी महामंडळांनी त्यांना सांडपाण्याची सोय, कातड्याचा नियमित पुरवठा आणि हात वाचवणारी साधने द्यावीत. आणि कोल्हापूरच्या चप्पल लाइनीत उभे राहून जोडा निवडणाऱ्या वाचकाने तळ वादीने शिवला आहे की खिळ्यांनी ठोकला आहे हे आधी पाहावे, हे चामडे कोठे आणि कशाने कमावले असा प्रश्न दुकानदाराला विचारावा, आणि सालीत मुरलेल्या चामड्याचे दोन पैसे अधिक पडले तर घासाघीस न करता द्यावेत.