ओळखीतली पैज आणि कोर्टाचं दप्तर

मित्राने मॅचवर तुमच्याकडे पैज लावली, हरला, आणि आता पैसे देत नाही. कोर्टात जाल? भारतीय करार कायदा, 1872 चं कलम 30 म्हणतं, पैजेचा करार रद्दबातल. जिंकलेल्या रकमेसाठी दावाच चालत नाही. मुंबई इलाख्यात तर 1865 च्या कायद्याने पैजेला पूरक करारही बाद केले होते. म्हणजे पैज घेणाऱ्याकडे तारण एकच, ओळख. वसुलीला गेलात तर मैत्री जाते, गप्प बसलात तर पैसे.

संशोधनात हे लक्षात ठेवा. दाव्यात वादी सहसा ‘पैज’ म्हणतच नाही, साधा व्यवहार म्हणतो. ‘ही पैज होती’ हे सांगण्यात फायदा प्रतिवादीचा. म्हणून नुसता दावा वाचून थांबू नका, प्रतिवादीची कैफियतही वाचा.