वारा पडल्यावर फिरणारे पाणी

वारा पडला की समुद्र निवला, असे किनाऱ्यावरून वाटते. लाटा निवतातही. पण वाऱ्याने ढकललेले वरचे पाणी पुढे कित्येक दिवस गोल गोल वाहत राहते. या प्रवाहाला जडत्वप्रवाह म्हणतात. त्याचे मूळ शोधायला उत्तर ध्रुवाकडच्या बर्फात जावे लागते.

नॉर्वेचा संशोधक नान्सेन याचे ‘फ्राम’ जहाज १८९३ ते १८९६ या काळात तिथल्या बर्फासोबत वाहत होते. बर्फ वाऱ्याच्या रोखाने न जाता २० ते ४० अंश उजवीकडे सरकतो, हे त्याने टिपले. पृथ्वीच्या फिरण्यामुळे हे घडते, हेही ओळखले. गणित बसवले स्वीडनच्या एकमनने, १९०५ साली. एकमनचे नाव निघाले की सारे खोलीबरोबर वळत जाणाऱ्या प्रवाहाबद्दल बोलतात. त्याच निबंधात दुसरेही एक रत्न आहे: वारा अचानक सुटला तर पाणी लगेच स्थिरावत नाही, ठरावीक काळाने दिशा फिरवत राहते.

याचा ठसठशीत पुरावा बाल्टिक समुद्राने दिला. ऑगस्ट १९३३ मध्ये गुस्ताफसन आणि कुलेनबर्ग यांनी स्वीडनचा किनारा आणि गॉटलंड बेट यांच्यामध्ये सलग १६२ तास प्रवाह मोजला. प्रवाहाची दिशा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरत होती आणि एका फेरीला सुमारे १४ तास लागत होते. त्या अक्षांशासाठी गणिताने येणारा काळ १४ तास ८ मिनिटे! सेकंदाला २० सेंटिमीटर वेगाचे पाणी तिथे सव्वातीन किलोमीटर व्यासाचे वर्तुळ काढते.

माझ्या मते या यशाचे अर्धे श्रेय बाल्टिकलाच द्यायला हवे. तिथे भरती-ओहोटी नावापुरतीच, त्यामुळे तिची या फिरण्याशी गल्लत होत नाही. शिवाय उन्हाळ्यात वर कोमट, हलके पाणी आणि खाली थंड, जड पाणी असे थर पडतात. ते सहजी मिसळत नाहीत. ओल्या फरशीवर पाट सरकावा तसा वरचा थर खालच्यावरून घसरतो, म्हणून वाऱ्याने दिलेली गती चटकन विरत नाही. वारा थांबल्यावर पाण्याला वळवायला उरते ते फक्त पृथ्वीचे फिरणे.

आपल्या गावासमोरच्या समुद्रात ही फेरी किती तासांची, हे तुम्हीही काढू शकता. १२ ला अक्षांशाच्या साइनने भागा. मुंबईला सुमारे ३७ तास येतात, पणजीला ४५.