उद्याने व पायवाटा, नागरी (महाराष्ट्र)

शहरातील सर्वांना वापरता याव्यात म्हणून महानगरपालिका वा नगरपरिषदेने राखलेल्या बागा, मैदाने, टेकड्या आणि त्यांतून जाणाऱ्या चालण्याच्या वाटा. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत उद्याने, बगिचे व क्रीडांगणे हा नागरी संस्थांचा विषय म्हणून नोंदलेला आहे. मात्र १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमात सार्वजनिक बागा व मैदाने ऐच्छिक कर्तव्यांत मोडतात. पाणीपुरवठा आणि मैलानिचरा बंधनकारक, बाग ऐच्छिक, अशी ही जुनी विभागणी आहे. अंदाजपत्रकाला कात्री लागताना तिचा परिणाम दिसतो.

मुंबईतील जुन्या बागांमागे एक साधी गोष्ट होती : जमीन आधी हातात आली, आखणी नंतर झाली. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई सुधार न्यासाने दादर, माटुंगा, वडाळा भागांत मोठे पट्टे ताब्यात घेऊन रस्ते, चाळी आणि मोकळ्या जागा एकत्रच आखल्या. माटुंग्याच्या फाइव्ह गार्डन्स त्यातूनच आल्या. महापालिकेने १९२५ मध्ये लोकांसाठी खुले केलेले माहीम पार्क १९२७ मध्ये अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने शिवाजी पार्क झाले. मलबार हिलवरची हँगिंग गार्डन्स तर जलाशयाच्या छतावर उभी आहेत.

आज ही वाट उलटी आहे. ‘महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६’ प्रमाणे नियोजन प्राधिकरण, म्हणजे बहुधा महापालिकाच, विकास आराखडा तयार करते. त्यात उद्यान, क्रीडांगण, शाळा, दवाखाना यांसाठी आरक्षणे टाकली जातात. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती व सूचना मागवल्या जातात. स्थायी समितीचे सदस्य आणि बाहेरचे तज्ज्ञ मिळून बनलेली नियोजन समिती सुनावणी घेते आणि अखेरची मंजुरी राज्य शासन देते. माणशी दहा ते बारा चौरस मीटर मोकळी जागा असावी, असे केंद्र सरकारची २०१४ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. दाट वस्तीत हे प्रमाण गाठणे फार अवघड आहे. हरकतींची मुदत ही नागरिकाच्या हातातली सर्वांत मोलाची संधी होय. तिची जाहिरात वर्तमानपत्रात आली तरी नकाशा वाचायचा कसा हे सांगणारा माणूस प्रभागात नसतो, आणि ही उणीव महापालिकांनी स्वतः भरून काढायला हवी.

आरक्षण पडले म्हणजे बाग झाली असे नव्हे. आरक्षित जमीन बहुतेक वेळा खाजगी मालकीची असते. याच अधिनियमाच्या कलम १२६ प्रमाणे ती तीन मार्गांनी घेता येते : परस्पर संमतीने मोबदला देऊन, मालकाला चटईक्षेत्र किंवा विकास हक्क हस्तांतरण (टीडीआर) देऊन, अथवा शासनामार्फत सक्तीने भूसंपादन करून. दहा वर्षांत यातले काहीच झाले नाही, तर कलम १२७ खाली मालक खरेदी सूचना बजावू शकतो. सूचनेनंतरची मुदत मूळ कायद्यात सहा महिन्यांची होती. दुरुस्त्यांनी ती आधी बारा आणि मग चोवीस महिने झाली. तेवढ्यात संपादनाची प्रत्यक्ष पावले पडली नाहीत, तर आरक्षण संपते आणि मालकाला शेजारच्या जमिनीप्रमाणे बांधकाम करता येते. गिरनार ट्रेडर्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये स्पष्ट केले की, पावले म्हणजे संपादनाच्या दिशेने टाकलेली पावले. नुसता ठराव किंवा पत्रव्यवहार पुरत नाही. नकाशावरील हिरवा रंग बहुधा हरवतो तो इथे. त्यामागे प्रत्येक वेळी कुणाचा कट असतो असे नाही. तारखांची नोंद ठेवणारा कारकून, मोजणीची फी आणि मोबदल्याची तरतूद या गोष्टी वेळेवर जुळून येत नाहीत. सातबाऱ्यावर किंवा मालमत्ता पत्रकावर महापालिकेचे नाव लागेपर्यंत बाग झाली असे मानू नये.

पुण्याच्या टेकड्यांचा प्रश्न याच जातीचा, पण कितीतरी मोठा. १९९७ मध्ये शहरात आलेल्या २३ गावांच्या आराखड्यात टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे (बीडीपी) आरक्षण सुचवले गेले. साडेनऊशे हेक्टरांहून अधिक क्षेत्र, त्यातले बरेचसे खाजगी. थोडे बांधकाम करू द्यावे की अजिबात नाही, यावर शहर वर्षानुवर्षे भांडले. राज्य शासनाने २०१५ मध्ये आरक्षण मान्य केले आणि मोबदला आठ टक्के टीडीआरचा ठरवला. जमीनमालकांना तो तुटपुंजा वाटला. त्यांची तक्रार खोटी नाही आणि टेकडी वाचवणाऱ्यांचा आग्रहही योग्य आहे. म्हणूनच रास्त मोबदल्याचा प्रश्न सोडवल्याशिवाय ही जमीन महापालिकेच्या हाती येणार नाही.

चालण्याच्या वाटा अशा टेकड्यांवर आपोआप पडतात. वेताळ टेकडीवर रोज फिरायला जाणाऱ्यांच्या पायांनी त्या मळल्या आहेत, आणि तिथून नेण्याचा प्रस्ताव असलेला बालभारती–पौड फाटा रस्ता हा दीर्घकाळ वादाचा विषय आहे. एकाच टेकडीवर वनविभाग, महापालिका आणि खाजगी मालक असे तिघे असले, तर पायऱ्या, दिवे किंवा कुंपण यांसाठी कुणाची परवानगी लागते इथूनच गुंता सुरू होतो. माझ्या मते मातीची वाट मातीचीच ठेवावी. सिमेंटचे पट्टे घातले की पाणी मुरत नाही आणि उताराची धूप वाढते. मलबार हिलवर मुंबई महापालिकेने २०२५ मध्ये खुला केलेला ४८५ मीटरचा निसर्ग उन्नत मार्ग ही वेगळी रीत : पाय जमिनीला न लागता झाडांतून चालणे.

जमीन ताब्यात आली की काम उद्यान विभागाकडे येते. पूर्वगणनपत्रक, निविदा, कुंपण, पाण्याची सोय, मग लागवड. १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यामुळे बागेतले झाड तोडायलाही वृक्ष अधिकारी किंवा वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. बांधकामासाठी निधी मिळतो. माळी आणि रखवालदार यांच्या पगारासाठी तो कमी पडतो. त्यातून बागा-मैदाने देखभालीसाठी संस्थांकडे सोपवणाऱ्या दत्तक योजना निघाल्या. मुंबईत जानेवारी २०१६ मध्ये महापालिकेने मंजूर केलेल्या दत्तक धोरणाला लोकांनी जोरदार विरोध केला, कारण काही जुन्या मैदानांवर संस्थांनी क्लब उभारून सामान्यांना दार बंद केले होते. मुख्यमंत्र्यांनी ते धोरण स्थगित केले.

बागेची जागा दुसऱ्या कामाला देण्याबाबत कायदा बऱ्यापैकी स्पष्ट आहे. बंगळुरूत उद्यानासाठी राखलेला भूखंड खाजगी रुग्णालयाला देण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये रद्दबातल ठरवला. रुग्णालय चांगले काम असले तरी त्यासाठी बाग घेता येत नाही, हा त्या निकालाचा गाभा. उलट दिशेचे उदाहरण धारावीजवळ आहे : मिठी नदीकाठच्या बंद झालेल्या कचराभूमीवर माती टाकून, झाडे लावून महाराष्ट्र निसर्ग उद्यान उभे राहिले आणि १९९४ पासून ते लोकांसाठी खुले आहे.