वडिलोपार्जित वाडा (बुलढाणा जिल्हा)

वडिलोपार्जित वाडा म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या एका कुटुंबाच्या सामाईक मालकीत राहिलेले पारंपरिक घर होय. वऱ्हाडाच्या पश्चिम भागातील बुलढाणा जिल्ह्यात जुन्या गावठाणांत अशी घरे आढळतात. वारस अन्यत्र स्थायिक झाल्यावर वाडा अनेकदा कुलूपबंद राहतो व पुढे विक्रीस निघतो. अशा व्यवहारात घराच्या अवस्थेइतकेच महत्त्व मालकीच्या स्पष्टतेला असते.

रचना

मराठी ग्रामव्यवस्थेत शेतजमिनीस ‘काळी’ व वस्तीच्या जागेस ‘पांढरी’ म्हणतात. वाड्याचे जोते काळ्या दगडाचे, भिंती पांढऱ्या मातीच्या किंवा विटांच्या आणि खांब व तुळया लाकडी असतात. माळवदाच्या छतात तुळयांवर फळ्या किंवा काड्या अंथरून मातीचा थर चोपून बसवतात. मोठ्या वाड्यात देवडी, चौक, ओसरी, माजघर व देवघर असते. सिंदखेड राजा येथील लखुजी जाधव यांचा वाडा हे जिजाबाईंचे जन्मस्थान असून तो जिल्ह्यातील सर्वांत प्रसिद्ध वाडा आहे.

मालकी व विक्री

विक्रीपूर्वी ग्रामपंचायतीचा नमुना ८ किंवा नगर भूमापन झालेल्या ठिकाणी मिळकत पत्रिका तपासली जाते. नमुना ८ ही कर आकारणीची नोंद असून केवळ तीवरून मालकी सिद्ध होत नाही. 2020 मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांचे ड्रोनद्वारे मोजमाप करून मिळकत पत्रिका देण्यात येतात.

हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 च्या कलम 23 नुसार पुरुष वारसांनी वाटणी करण्याचे ठरवेपर्यंत स्त्री वारसांना राहत्या घराची वाटणी मागता येत नसे. 9 सप्टेंबर 2005 पासून हे कलम रद्द झाले व सहदायिक मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. त्यामुळे विवाहित मुलींची संमती किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र नसल्यास व्यवहार वादात सापडू शकतो.

एका सहहिस्सेदाराने केवळ आपला हिस्सा त्रयस्थास विकल्यास, मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 44 नुसार खरेदीदाराला अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरात सामाईक ताबा मागता येत नाही. त्याने वाटणीचा दावा केल्यास, विभाजन अधिनियम, 1893 च्या कलम 4 नुसार कुटुंबातील हिस्सेदार न्यायालयाने ठरवलेल्या किमतीत तो हिस्सा विकत घेऊ शकतो. म्हणून संपूर्ण वाड्याचे खरेदीखत सर्व हिस्सेदारांच्या सह्यांनी करून ते नोंदवणे सुरक्षित मानले जाते.

दुरुस्ती व पुनर्वापर

लाकडी सांगाडा छताचा भार पेलत असल्यास खचलेली भिंत छताला आधार देऊन नव्याने बांधता येते. मात्र भिंतीत रुतलेली तुळयांची टोके ओल व वाळवीमुळे आतून पोकळ होतात; त्यामुळे त्यांची तपासणी आवश्यक असते. गळती थांबवण्यासाठी वारंवार माती टाकल्याने माळवदाचे वजन वाढते. 1993 च्या किल्लारी भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंती व जड माळवदे कोसळून मोठी जीवितहानी झाली होती. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केल्यास ओल आत कोंडते. म्हणून माती किंवा चुन्याचा गिलावा अधिक योग्य ठरतो.

लोणार येथे दैत्यसूदन मंदिरासारखी केंद्र-संरक्षित स्मारके आहेत. अशा स्मारकांपासून 100 मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई असून, तेथील जुन्या घरांच्या दुरुस्तीसाठी सक्षम प्राधिकाऱ्याची परवानगी लागते. त्यापुढील 200 मीटरचे क्षेत्र नियंत्रित असते. अशा ठिकाणी वाडा पाडून नवी इमारत उभारण्याच्या हेतूने केलेली खरेदी निष्फळ ठरू शकते.