महाकाय प्रवासी विमाने

महाकाय प्रवासी विमाने : सु. ४०० वा त्यांहून अधिक प्रवाशांना एका उड्डाणात दूर पल्ल्यावर नेणारी, चार झोत एंजिनांची विमाने. बोइंग ७४७ (लोकप्रिय नाव ‘जंबो जेट’) व एअरबस ए ३८० ही या वर्गातील प्रमुख विमाने होत. रुंद धड आणि आसनांमधून जाणाऱ्या दोन मार्गिका ही त्यांची ठळक लक्षणे आहेत. तथापि हीच लक्षणे असलेली दोन एंजिनांची विमानेही असून महाकाय विमानांचे भवितव्य मुख्यतः त्यांच्याशी झालेल्या स्पर्धेतून ठरले.

उदय : १९५८ मध्ये अटलांटिकपार झोत विमानांची नियमित वाहतूक सुरू झाली. प्रवाशांची संख्या झपाट्याने वाढून विमानतळांवर गर्दी होऊ लागली. पॅन अमेरिकन कंपनीचे प्रमुख ह्वान ट्रिप यांनी बोइंग ७०७ च्या सु. अडीचपट क्षमतेच्या विमानाचा आग्रह धरला व एप्रिल १९६६ मध्ये २५ विमानांची मागणी नोंदविली. प्रमुख अभियंता जो सटर यांच्या नेतृत्वाखाली ७४७ चा अभिकल्प तयार झाला. पुढील काळात स्वनातीत विमाने प्रवासी वाहतूक काबीज करतील व ७४७ ला मालवाहतुकीवर निभावून न्यावे लागेल, अशी तेव्हाची समजूत होती. म्हणून नाक उघडून सरळ माल भरता यावा यासाठी वैमानिक कक्ष वरच्या मजल्यावर ठेवण्यात आला. विमानाचा परिचित उंचवटा या निर्णयातून आला. ९ फेब्रुवारी १९६९ रोजी पहिले उड्डाण झाले आणि २२ जानेवारी १९७० रोजी न्यूयॉर्क–लंडन मार्गावर सेवा सुरू झाली. १९७३ च्या तेलसंकटामुळे अनेक आसने रिकामी राहू लागली. परंतु भरलेल्या विमानात दर आसनामागील खर्च कमी येत असल्याने दूरचा प्रवास हळूहळू मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला.

एअर इंडियाचे पहिले ७४७, ‘एम्परर अशोक’, एप्रिल १९७१ मध्ये मुंबईत दाखल झाले. त्याच्या खिडक्यांभोवती राजवाड्याच्या झरोक्यांसारखी चित्रे रंगविलेली होती. १ जानेवारी १९७८ रोजी मुंबईहून उड्डाण केल्यावर थोड्याच वेळात ते वांद्र्याजवळ समुद्रात कोसळून त्यातील सर्व २१३ जण मृत्युमुखी पडले. तत्पूर्वी २७ मार्च १९७७ रोजी तेनेरीफ बेटावरील धावपट्टीवर दोन ७४७ विमानांची टक्कर होऊन ५८३ जणांचा बळी गेला होता. एका विमानात इतकी माणसे नेण्यातील जोखीम या दुर्घटनांनी दाखवून दिली.

दोन एंजिनांची स्पर्धा : दोन एंजिनांच्या विमानाने, एक एंजिन बंद पडल्यास ६० मिनिटांत गाठता येईल अशा विमानतळाच्या कक्षेतच राहावे, असा अमेरिकेत १९५३ पासून नियम होता. त्यामुळे महासागरांवरील सरळ मार्ग दीर्घकाळ प्रामुख्याने तीन व चार एंजिनांच्या विमानांकडे राहिले. एंजिने अधिक विश्वासार्ह झाल्यावर ही मर्यादा १९८५ मध्ये १२० व १९८८ मध्ये १८० मिनिटांपर्यंत वाढविण्यात आली. १९९५ मध्ये बोइंग ७७७, २०११ मध्ये बोइंग ७८७ व २०१५ मध्ये एअरबस ए ३५० सेवेत आले. दोनच एंजिने असल्याने त्यांचा इंधन व देखभालीचा खर्च कमी असून लहान शहरांनाही ती थेट जोडू शकतात.

ए ३८० : या प्रवाहाच्या विरुद्ध जाऊन एअरबसने डिसेंबर २००० मध्ये ए ३८० हाती घेतले. मोठ्या शहरांतील विमानतळांवर जागा अपुरी पडेल व प्रवासी तेथे एकवटतील, हे त्यामागील गृहीतक होते. बोइंगने प्रवासी थेट इच्छित स्थळी जाणे पसंत करतील असे मानले. ए ३८० चे पहिले उड्डाण २७ एप्रिल २००५ रोजी तूलूझ येथे झाले. विद्युत् तारांची जुळणी चुकल्याने काम लांबले व २५ ऑक्टोबर २००७ रोजी सिंगापूर–सिडनी मार्गावर सेवा सुरू झाली. पंखविस्तार ७९·७५ मी. असलेले हे दुमजली विमान कमाल ८५३ प्रवाशांसाठी प्रमाणित आहे. २०१४ मध्ये भारताने त्यास परवानगी दिल्यावर ते मुंबई व दिल्ली येथेही येऊ लागले.

ऱ्हासाची कारणे : पुढे विमान लांबविता यावे म्हणून पंख आवश्यकतेपेक्षा मोठे केल्याने मूळ विमान जड झाले. लांब आवृत्ती कधीच निघाली नाही. अधिक काटकसरी एंजिने थोड्याच वर्षांत दोन एंजिनांच्या विमानांवर आली. दिवसातून एक मोठे उड्डाण करण्यापेक्षा दोन मध्यम उड्डाणे प्रवाशांना सोयीची ठरतात. शिवाय मंदीच्या काळात मोठे विमान भरणे कठीण जाते. मालवाहू आवृत्तीच्या मागण्या रद्द झाल्याने प्रवासी सेवेनंतर या विमानाला दुसरा उपयोग उरला नाही. २०१८-१९ मध्ये फ्रान्समधील तार्ब येथे, सेवेची सु. दहा वर्षेच झालेल्या ए ३८० विमानांचे भाग सुटे करण्यात आले. याउलट ७४७ ला त्याच्या उघडत्या नाकाने मालवाहतुकीत दीर्घायुष्य दिले.

फेब्रुवारी २०१९ मध्ये ए ३८० चे उत्पादन थांबविण्याचा निर्णय जाहीर झाला. डिसेंबर २०२१ पर्यंत २५१ विमाने ग्राहकांना देण्यात आली. पैकी १२३ एकट्या एमिरेट्सने घेतली. ७४७ चे १,५७४ वे व अखेरचे विमान ३१ जानेवारी २०२३ रोजी देण्यात आले. तेही मालवाहूच होते.

भवितव्य : कोविड-१९ च्या साथीत २०२० मध्ये एअर फ्रान्सने ए ३८०, तर ब्रिटिश एअरवेजने ७४७ सेवेतून काढले. मात्र प्रवासी परतल्यावर व नव्या विमानांच्या पुरवठ्यास विलंब झाल्याने लुफ्तहान्सा, एतिहाद इ. कंपन्यांनी २०२३ मध्ये ए ३८० पुन्हा वापरात आणले. दोनच धावपट्ट्या असलेल्या लंडनच्या हीथ्रोसारख्या विमानतळावर एका उड्डाणात अधिक प्रवासी नेण्याचे मोल अद्याप टिकून आहे. ही गरज यापुढे बोइंग ७७७-९ सारख्या, ४०० हून अधिक आसनांच्या पण दोन एंजिनांच्या विमानाने भागविण्याचा प्रयत्न आहे. सध्याच्या विमानतळांवर मावावे म्हणून त्याच्या पंखांची टोके दुमडतात. त्याचे पहिले उड्डाण जानेवारी २०२० मध्ये झाले. पहिले विमान २०२७ मध्ये सुपूर्द करण्याचे २०२५ मध्ये घोषित झाले. मोठ्या विमानाची गरज अशा रीतीने टिकून असली, तरी ती भागविण्यासाठी चार एंजिने आता अनिवार्य राहिलेली नाहीत.