मृगाच्या चार दिवस आधी

31 मे 2020, रविवार : वादळाला बहात्तर तास

अरबी समुद्राच्या आग्नेय भागात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालंय. रायगडात मात्र बोलणं करोनाचं. मुंबईहून आलेले चाकरमानी गावोगावच्या शाळांत विलगीकरणात आहेत. म्हणजे वादळात माणसं हलवायची जी हक्काची जागा, ती आधीच अडकलेली.

घरोघरी पावसाळ्याची तयारी उरकत आलीय. वादळाची म्हणून वेगळी तयारी कोकणात कुणी करत नसे. जी काय ती मृगाची. कौलं चाळून झाली, लाकूडफाटा पडवीत रचला, सुकट-बोंबील डब्यांत गेले, पापड, मिरच्या, आमसुलं माळ्यावर चढली. माळ्यावर, म्हणजे थेट कौलांखाली.

1 जून, पहाट : पंचावन्न तास

हवामान खात्याच्या लेखी आता हे कमी दाबाचं तीव्र क्षेत्र. त्याच दिवशी मॉन्सून केरळात पोचला. मच्छीमारांना समुद्रात जाऊ नका, गेलेल्यांना परत फिरा, असे निरोप गेले. नोव्हेंबर 2009 मधलं फयान वादळ ज्यांनी सोसलं, त्या कोळीवाड्यांत ‘बघू काय होतंय ते’ म्हणणारा विरळाच. नारळी-पोफळीच्या वाड्यांत मात्र तसं म्हणणारे पुष्कळ.

2 जून, दुपार : चोवीस तास

चक्रीवादळ झालं आणि नाव मिळालं : निसर्ग. बांगलादेशाने सुचवलेलं, तेरा देशांच्या नव्या यादीतलं पहिलंच. आधीच्या यादीतलं शेवटचं, अम्फान, जेमतेम दोन आठवड्यांपूर्वी बंगालला झोडपून गेलेलं. वाहिन्यांचे कॅमेरे मुंबईकडे. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या तंबूवजा करोना रुग्णालयातले रुग्ण हलवले गेले. अंदाज अलिबागच्या आसपासचा होता, तरी बातमी मुंबईचीच.

घरच्या माणसांच्या हातात खरं काम करायला एवढाच दिवस. पत्रे असतील तर हूक आवळून घ्यायचे आणि वाळूने भरलेली पोती वर टाकायची. घराशेजारच्या माडांवरचे नारळ उतरवायचे, वाळक्या झावळ्या काढायच्या, कारण वाऱ्यात सुटलेला नारळ हा तोफगोळाच. माळ्यावरचं धान्य खाली, प्लॅस्टिकच्या पिंपात. मोबाइल, बॅटऱ्या चार्ज. रेशनकार्ड, आधार, सातबारा एका पिशवीत, पिशवीला गाठ. घराचे चारही बाजूंनी फोटो, पुढे पंचनाम्याला लागतात. अंथरुणाला खिळलेलं कुणी असेल तर आजच स्लॅबच्या घरात न्यायचं; उद्या नेता येणार नाही.

आणि पाणी. वाडीत विहीर आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी विहिरीकडे एकदा नीट पाहावं. रहाट केव्हाच मोडीत निघालेला, कप्पीही नाही, उरलाय तो विजेचा पंप. टाकी, हंडे, कळश्या भरून ठेवाव्यात. दोर आणि बादली हाताशी ठेवावी. पुढच्या आठवड्यात त्या दोराला सोन्याची किंमत येणार आहे.

3 जून, पहाटे साडेपाच : सात तास

आता ‘तीव्र’ चक्रीवादळ. किनाऱ्यालगतच्या हजारो लोकांना रात्रीतच हलवलंय, तोंडाला मास्क बांधून. गुरांची दावी सोडायची ती आत्ता. गोठा कोसळला तर बांधलेलं जनावर जागच्या जागी मरतं. रत्नागिरीत मिऱ्याच्या किनाऱ्यावर एक जहाज लाटांनी आणून आदळलं.

दुपारी साडेबारा

अलिबागच्या दक्षिणेला वादळ जमिनीवर चढू लागलं, ते अडीचपर्यंत चढत होतं. वेग ताशी 110 किलोमीटरच्या आसपास, झोत त्याहून मोठे. आपल्या गोलार्धात चक्रीवादळ घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतं. हे ईशान्येकडे सरकत होतं, त्यामुळे मार्गाच्या उजव्या हाताच्या, म्हणजे दक्षिणेच्या गावांनी समुद्रावरून येणारा वारा छातीवर घेतला. डावीकडच्या मुंबईला तो जमिनीवरून मिळाला. मुंबई वाचली म्हणून सुटकेचा नि:श्वास टाकणाऱ्यांना दिवेआगर, श्रीवर्धन, मुरूड नकाशावर शोधावं लागलं.

कौलारू घर वाऱ्याने आधी ढकललं जात नाही, उचललं जातं. वळचणीखालून वारा शिरतो, कडेची रांग उडते. एक खिडकी निसटली की आतली हवा छपराला खालून रेटते. मग वासे-रिपांसकट सगळं. अशा वेळी सगळ्यांनी मधल्या खोलीत, भक्कम भिंतीला पाठ लावून बसावं. वादळाचा डोळा जिथून जातो तिथे मध्येच सारं शांत होतं. छप्पर बघायला बाहेर पडायची इच्छा तेव्हाच होते, आणि वारा उलट दिशेने येतो तोही तेव्हाच. पहिल्या वाऱ्यात मुळं सैल झालेली पोफळ या दुसऱ्यात आडवी होते.

संध्याकाळ

वादळ पुण्याच्या बाजूला सरकलं, कमजोर पडलं. इथे खांब वाकलेले, मोबाइलचे मनोरे मुके. माळ्यावरची चार महिन्यांची बेगमी पावसात भिजून लगदा. माणसं मोठ्या संख्येने वाचली ती वेळेवर मिळालेल्या इशाऱ्यामुळे. ते श्रेय हवामान खात्याला आणि प्रशासनाला द्यायलाच हवं. पण इशारा होता एका दुपारचा, आणि तयारीही सगळ्यांनी तेवढ्याचीच केली होती.

त्यानंतर

श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, पलीकडे दापोली-मंडणगड. कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात. ताडपत्री मिळेना, पत्रा मिळेना, आणि वरून खराखुरा मृग सुरू. 5 जूनला मुख्यमंत्री उद्धव ठाकरे रायगडात आले, तातडीचे 100 कोटी जाहीर झाले. पुढे फळबागांची मदत हेक्टरी 18 हजारांवरून 50 हजारांवर गेली. आकडा ऐकायला बरा. पण कोकणातल्या वाड्या हेक्टरांत नाही, गुंठ्यांत मोजतात, आणि हेक्टरात साधारण 100 गुंठे. दहा गुंठ्यांच्या वाडीवाल्याच्या हाती पाच हजार. नवी पोफळ लावली तर सुपारी धरायला पाच-सहा वर्षं, माडाचंही साधारण तेच. आणि लावण्याआधी आडवी झालेली झाडं कापून बाहेर काढायची मजुरी वेगळी.