परशुरामाची भूमी आणि चौपदरी रस्ता

परशुरामाने समुद्र मागे हटवून कोकण मिळवले, ही कथा वर्गात सांगताना आम्ही तिच्याकडे केवळ मिथक म्हणून पाहतो. परंतु चिपळूणजवळच्या परशुराम घाटात मुंबई-गोवा महामार्गाचे जे झाले, ते पाहता मिळवलेली जमीन नेमकी कोणाची, हा प्रश्न त्या कथेने अनुत्तरितच ठेवला होता असे वाटू लागते.

या महामार्गाचे चौपदरीकरण पनवेल-इंदापूर टप्प्यात 2011 साली सुरू झाले. पुढच्या टप्प्यात परशुराम घाटात काम अडले ते आधी मोबदल्यावर. पैसे देवस्थानाला, खोतांना की जमीन कसणाऱ्या कुळांना? वाद जुना आहे. अठराव्या शतकात जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतखानाने ब्रह्मेंद्रस्वामींना पेढे आणि आंबडस ही गावे इनाम दिली होती. पुढे खोतीविरुद्ध कुळे उभी राहिली. 1933 पासून चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली वर्षानुवर्षे संप चालवला. 1937 साली डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले; कायदा मात्र 1949 साली झाला. खोती कायद्याने गेली, पण सातबाऱ्याच्या रकान्यांतून आणि मनांतून ती पुरती गेली नाही. 'तुंबाडचे खोत' (1987) शिकवताना आम्ही तिला सरलेला काळ म्हणतो. त्याच खेड-चिपळूणच्या परिसरात मोबदल्याच्या नोटिशीने तो काळ पुन्हा उघडा केला.

मोबदल्याच्या वादातून वाट निघते न निघते तोच डोंगराने आपली बाजू मांडली. कोकणात वर सच्छिद्र जांभा आणि त्याखाली बहुधा मऊ, चिकण माती असते. पावसाचे पाणी जांभ्यातून झिरपून त्या मातीत मुरते आणि उतार उभा कापलेला असला की वरचा थर सरकतो. घाटाखालच्या पेढे गावाने ही माती घरांवर आलेली पाहिली. 2022 च्या एप्रिल-मेमध्ये कामासाठी घाट रोज काही तास बंद ठेवावा लागला आणि हलकी वाहने चिरणी-आंबडस मार्गाने वळवली गेली. इनामातले ते दुसरे गाव असे तात्पुरते बायपास झाले! हा योगायोग इतिहासकाराला वर्ज्य असेल; आम्हांला तो सोडवत नाही.

उत्तरेला कशेडी घाट टाळण्यासाठी सुमारे दोन किलोमीटरचे जोडबोगदे खोदले गेले. त्यांतला एक 2023 च्या गणेशोत्सवात वाहनांसाठी खुला झाला, पण पुढच्या पावसाळ्यात आतही पाणी पाझरले. माणगाव आणि इंदापूरचे बाह्यवळण रस्ते तर मंजुऱ्या व ठेकेदार यांच्या फेऱ्यांत रखडले. 2025 च्या गणेशोत्सवातही चाकरमान्यांच्या गाड्या माणगावच्या बाजारपेठेतूनच रांगत होत्या. हा केवळ प्रशासकीय आळस आहे, असे म्हणणे सोपे आहे. आळस होताच. पण आराखडा काढणाऱ्यांनी जमिनीचे दोन्ही थर, मातीचा आणि मालकीचा, कागदावर सपाट धरले होते, हा दोष आम्हांला अधिक मोठा वाटतो. कुळाचे नाव कोणत्या रकान्यात आहे हे रेषा आखण्यापूर्वी तपासता आले असते, आणि पेढ्यातल्या घरांना दर पावसाळ्यात स्थलांतराची नोटीस कशाला यावी, हेही तेव्हाच विचारता आले असते.